दार लावून घ्या

सर्वांना प्रभू येशूच्या नावात सलाम.

बरेच दिवस मनात असलेलं आज लिहिते आहे. थोडं लांबेल, पण वाचा.

आपल्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, साक्ष देण्याला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याला, मोठा मान आहे आणि तो असायलाच हवा. पण देव एकांतात आपल्याशी जे बोलतो, ते हल्ली आपण फार लवकर बाहेर आणतो. पहाटे वचन वाचलं, डोळे भरून आले, की पाच मिनिटांत ते स्टेटसवर. उघडं पवित्र शास्त्र, पिवळ्या पेनाने रंगवलेली ओळ, शेजारी वाफाळता चहा. भावना खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण फोटोसाठी फोन हातात घेतला की प्रार्थना तिथेच थांबते. मग हा फोटो कोण बघेल, काय म्हणेल, कुणी अजून पाहिला नाही, हेच मनात सुरू होतं.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी एकापाठोपाठ घेतल्या आहेत आणि तिन्हींबद्दल सांगणं एकच आहे: गुप्तपणे कर. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नकोस. खोलीत जा, दार लावून घे. उपवास असेल तर डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आणि लोकांनी पाहावं म्हणून जे करतात त्यांच्याविषयी प्रभू म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून चुकलं आहे. हे वाचताना मला दर वेळी धस्स होतं. देवाकडून मिळायचं होतं ते आपण वाहवा घेऊन चुकतं करून टाकलं, असा त्याचा अर्थ होतो.

यावर कुणी लगेच म्हणेल, ताई, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या असंही प्रभूनेच सांगितलंय ना? सांगितलंय, आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एकच अध्याय आधी. पण तिथे लोकांनी पाहायची आहेत ती सत्कर्मं. शेजारच्या आजारी माणसाला डबा दिला तर तो लोकांना दिसणारच, दिसू दे. माझे गुडघे टेकलेले दिसायची गरज नाही.

मार्काचा पाचवा अध्याय तर याबाबतीत सलग बसून वाचावा असा आहे. गरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त बरा झाला तेव्हा प्रभूने त्याला घरी, आपल्या माणसांकडे पाठवलं आणि देवाने काय केलं ते सांगायला लावलं. त्याच अध्यायाच्या शेवटी याइर नावाच्या माणसाची मेलेली मुलगी जिवंत होऊन उठते. तिथे प्रभूने आधी रडणाऱ्या-ओरडणाऱ्या सगळ्यांना घराबाहेर काढलं, आईबाप आणि तीन शिष्य एवढ्यांनाच आत घेतलं आणि नंतर हे कुणाला कळू देऊ नका अशी सक्त ताकीद दिली. एकाला सांग म्हणतो, दुसऱ्याला सांगू नका म्हणतो. म्हणजे कुठली गोष्ट बोलायची आणि कुठली जपायची हे त्यालाच विचारावं लागतं. आपण विचारतो का? प्रेषित पौलाला तिसऱ्या स्वर्गापर्यंत नेण्यात आलं, तर तो त्याविषयी चौदा वर्षांनी लिहितो, तेही 'ख्रिस्तातला एक माणूस मला माहीत आहे' असं दुसऱ्याचं सांगावं तसं. आणि तिथे काय ऐकलं ते सांगतच नाही.

केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली झालेल्या आध्यात्मिक जागृतीबद्दल आपण अभिमानाने बोलतो. जूनच्या अखेरीस जे घडलं त्याचं वर्णन पुष्कळांना पाठ आहे. पण त्या वर्षीच्या जानेवारीपासून तिथल्या बाया-मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या, त्या महिन्यांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. मला तेच महिने मोलाचे वाटतात.

माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहायची. दोन खोल्यांचं घर, मधे दाराऐवजी जुन्या लुगड्याचा पडदा, आणि घर माणसांनी भरलेलं. लावून घ्यायला दारच नव्हतं. चूल पेटवायच्या आधी ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढून पार हनुवटीपर्यंत आणायची. ओठ हलायचे, आवाज नाही. तेवढ्या वेळात आम्ही मुलं तिला हाक मारत नसू. ती देवापाशी काय मागायची हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण पदर मागे घेतल्यावरचा तिचा चेहरा आम्ही रोज पाहिला, आणि माझा विश्वास बराचसा त्या चेहऱ्यावर वाढला.

आता सगळ्यात जड जाणारी गोष्ट. आपण स्वतःचं आतलं उघड करतोच, पण दुसऱ्याचंही करतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात आपण ख्रिस्ती साधारण 10 लाख 80 हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. त्यात मराठी मंडळ्यांचा गोतावळा आणखी लहान. नगरची सून पुण्याची मुलगी असते आणि तिचे मामा सोलापूरला पाळक असतात. अशा समाजात 'प्रार्थनेसाठी सांगते हं' म्हणून ग्रुपवर टाकलेली गोष्ट किती लांब जाते! एका बहिणीने मुलाच्या दारूबद्दल दोघी-तिघींजवळ मन मोकळं केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते नाव-गावासकट तीन ग्रुपवर फिरलं आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. रात्री दुसऱ्या शहरातून नातेवाइकांचा फोन आला, तोही थेट मुलालाच. त्यानंतर त्या बहिणीने मंडळीत कुणाजवळही प्रार्थनेची विनंती केलेली नाही. हे आपण केलंय. ज्या माणसाचं अंतःकरण आपल्यावर भरवसा ठेवून उघडं झालं, ते राखणं हीसुद्धा उपासनाच आहे, असं मी ठामपणे म्हणते.

आमच्या महिला मंडळात आम्ही आता एक पद्धत घातली आहे. विनंती चिठ्ठीवर लिहायची, त्यात नाव घालायचं नाही, 'एक आई', 'एक घर' एवढंच. प्रार्थना झाली की चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. ग्रुपवर काहीही जात नाही. पहाटेच्या प्रार्थनेचा ग्रुप मात्र चालू ठेवलाय, कारण एकट्या राहणाऱ्या दोन वयस्कर बायकांना त्याचा खरोखर आधार आहे.

आमच्यातल्या एका ताईंना हे पटलेलं नाही. नाव घेतल्याशिवाय प्रार्थनेत जीव ओतता येत नाही, असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं मला समजतं. संकटात कुणी आपलं नाव घेऊन देवापुढे रडतंय हे कळलं की धीर येतो. म्हणून आम्ही एवढं ठरवलं की ज्याला नाव सांगायचं आहे त्याने स्वतः सांगावं, दुसऱ्या कुणी त्याच्या वतीने सांगू नये. तुमच्या मंडळीत याबाबत काय पद्धत आहे ते जरूर कळवा, कुणाचं नाव न घेता.