पद्मिनीचा गंज आणि हजार रुपयाचा वीकेंड फॉर्म्युला

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी, म्हणजे आपली जुनी फियाट, २०२३ च्या ऑक्टोबरमधे बंद झाली आणि तेव्हापासून जुन्या फियाटवर सगळ्यांचं प्रेम फारच उतू जातंय. चांगलंय की. पण त्याबरोबर एक मेसेज पण फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "गॅरेजवाले लुटतात, गंज घरीच काढा. कोला किंवा व्हिनेगर चोळा, भोक असेल तर फायबर नाहीतर एम-सील, वरून पुट्टी, प्रायमर, स्प्रे. एक वीकेंड, हजार रुपये. खालून काळं अंडरकोटिंग मारलं की दहा वर्षं बघायला नको. जुन्या गाडीचा चासी वेगळा असतो त्यामुळे बॉडी सडली तरी गाडी सेफ."

घरी काम करायला माझा अजिबात विरोध नाही, उलट कराच. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य गंज समोरून दिसतो तेवढाच आहे असं धरून चाललंय, आणि खरी भानगड पत्र्याच्या मागे असते.

आधी चासीचं (म्हणजे बॉडी ज्यावर बसते त्या खालच्या सांगाड्याचं) घेऊ कारण तेच सगळ्यात धोक्याचं आहे. जुन्या विलिस जीपला वेगळा चासी असतो, मान्य. पद्मिनीला नसतो! ती मूळची फियाट ११००, तिची बॉडी हाच चासी, अँबेसेडरचंही तेच. दरवाज्यांखालचा जो लांब पोकळ सिल असतो ना, तो आणि फ्लोअर मिळून गाडी ताठ धरतात. सिल सडला की आधी दरवाजे नीट लागेनासे होतात, हँडल उचलून लावायला लागतं, आणि लोक बिजागरीला शिव्या देत बसतात. अशा सिलवर फायबर चिकटवून वरून रंग मारणं म्हणजे चक्क फसवणूक आहे, स्वतःची नाहीतर पुढच्या गिऱ्हाइकाची. आणि सिल कापायचाच असेल तर गाडी सगळीकडून लेव्हलमधे टेकवून आणि दरवाज्याच्या चौकटीला आतून आडवा सपोर्ट देऊनच कापायचा, नाहीतर बॉडी बसते आणि नवीन पत्रा वाकड्या मापातच वेल्ड होतो. हे वीकेंडचं काम नाही.

आता कोला. त्यात फॉस्फोरिक अॅसिड असतं हे खरं, बोल्टवरचा हलका गंज निघतो हेही खरं. पण अगदी थोडं असतं आणि सोबत भरपूर साखर. व्हिनेगर त्यापेक्षा बरं, सुटा पार्ट बुडवून ठेवायला तर मस्त. पण गाडीवरच्या पत्र्याला चोळलं की ते दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरतं आणि तिथून धुऊन काढता येत नाही, मग आतून गंजाचं काम चालू. उघडा पत्रा खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कडक वाळवला नाही तर बघता बघता परत तांबूस होतो, त्यात आपली जूनची हवा. रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे गंजाचा काळा टिकाऊ थर करणारं औषध, मिळतं ते चांगलंच आहे, पण ते घट्ट बसलेल्या पातळ गंजासाठी. पापुद्रे सुटलेत तिथे वरचा थर काळा होतो, खालचा तसाच राहतो.

म्हणून पहिलं काम बाटली उघडायचं नाही, टोचून बघायचं. रंगाला फोड आलाय तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. मग टोकाने जरा दाबा. बाहेरून मुगाएवढा फोड आणि आत अंगठा जाईल एवढं भोक, हे दरवाज्याच्या खालच्या कडेला हमखास होतं, कारण काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी बाहेर पडायची जी बारीक भोकं खाली असतात ती मातीने बुजलेली असतात. तार घालून ती मोकळी करा, चिखलाचा काळा गोळा बाहेर येईल. याला रुपया लागत नाही आणि मेसेजमधे नेमकं हेच नाहीये. तसंच फ्लोअरवरचा रबरी मॅट आणि खालचा नमदा (लोकरीसारखा जाड थर) उचला. नमदा एकदा भिजला की लवकर वाळत नाही आणि पत्रा खालून नाही, वरून सडतो.

पुट्टी ही पत्र्याची लेव्हल करायला असते, भोक बुजवायला नाही. दोन-तीन मिलिमीटरच्या वर थर गेला की तडा जायची वाट बघायची. शिवाय ती पाणी पिते. मागच्या बाजूने ओल लागली की फुगते आणि पावसाळा संपेपर्यंत फोड त्याच जागी हजर. एम-सील पाइपाच्या गळतीला उत्तम, पण हलणाऱ्या, तापणाऱ्या पत्र्यावर आणि तेही गंजावर? धरणार कशाला ते?

प्रायमरबद्दल तर गॅरेजमधेही गैरसमज आहेत. साधा प्रायमर मारून "रंग दिवाळीनंतर" म्हणून गाडी पावसात उभी करायची नाही, तो प्रायमर पाणी आत जाऊ देतो. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, मग बाकी सगळं. आणि अंडरकोटिंग गंजावर मारलं तर ओल आत कोंडते, वरून काळं कुळकुळीत आणि आत भुगा. खालचा पत्रा साफ, कोरडा, प्रायमर मारलेला असेल तरच मारा, पाण्याची भोकं सोडून. पोकळ भागांत आतून पातळ वॅक्स फवारलेलं जास्त कामाचं, कोकणात गाडी असेल तर नक्कीच, खारी हवा पत्रा कोरडा होऊच देत नाही.

भोक पडलंच असेल तर कापून नवीन पत्रा, दुसरा इलाज नाही. घरी करणार असाल तर साध्या रॉडच्या वेल्डिंग मशीनने नको, मिलिमीटरभर पत्र्याला ती अजून भोकं पाडते. मिग (बारीक तारेचं वेल्डिंग मशीन) लागेल, आणि एका रेषेत ओढायचं नाही, इथे एक टाका, तिथे एक टाका, मधे थंड होऊ द्यायचं, नाहीतर पत्रा लाटा मारतो. तुकडा सीआरसी शीटचा (साधा, जस्त नसलेला पत्रा) घ्या, जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला नको, त्यावरचं जस्त जळून निघणारा धूर ताप आणतो. बॅटरी काढा, नमदा-फोम बाहेर, डिकीच्या बाजूला काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवूनच. हजार रुपयात यातलं काही बसत नाही हे मी सांगायला नको.

राहिलं "गॅरेजवाले लुटतात". काही लुटतात, आणि बरेच जण हेच पुट्टीचं काम दसपट पैशात करतात! त्यावर उपाय साधा आहे. गाडी देतानाच सांगा की घासून उघडा झालेला पत्रा मला पुट्टीच्या आधी बघायचाय. झाल्यावर फ्रीजचं मॅग्नेट फडक्यात गुंडाळून कडेकडेने फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे जाड पुट्टी आहे. आणि आधीच "कशाला येताय साहेब, फोटो पाठवतो" म्हणाला तर तिथून गाडी उचला.