‘एवढ्याशा टूलवर तीन पानं?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा कागद-पेन घेऊन बसलो. इतर वाचकांसाठी आधी थोडी ओळख: एन-एट-एन हे कामं आपोआप करून घेणारं सॉफ्टवेअर. त्यात ‘नोड’ नावाच्या पायऱ्या जोडून जी साखळी बनते ती वर्कफ्लो, आणि ती जेसन या मजकुराच्या स्वरूपात मिळते. सांगाडा म्हणजे त्यातले फक्त नोड आणि त्यांच्या जोडण्या (कनेक्शन्स). आता तुमचं म्हणणं थोडक्यात: एन-एट-एनमधल्या वर्कफ्लोचा सांगाडा एआय एजंटला (टूल वापरून कामं करणाऱ्या एआय मॉडेलला) आणून देणारं माझं टूल चार ओळींचं, त्यावर तीन पानं लिहिणं हे पाल्हाळ, हल्लीच्या मॉडेलला अख्खा जेसन द्यावा, ते त्याचं बघून घेतं, आणि लेखातलं कनेक्शन्सचं उदाहरणच चुकलंय.

उदाहरण चुकलंय, तुम्ही बरोबर आहात. अट तपासणाऱ्या ‘इफ’ नोडला दोन फाटे असतात, खरं आणि खोटं. जेसनमध्ये हे फाटे नावाने ओळखले जात नाहीत, क्रमाने ओळखले जातात: जोडण्यांच्या ‘मेन’ या भागात पहिली यादी खऱ्याची, दुसरी खोट्याची. खऱ्या फाट्याला काहीच जोडलेलं नसेल तर पहिली यादी रिकामी राहते, पण तिने जागा अडवलेली असते. मी उदाहरण सुटसुटीत करायच्या नादात ती रिकामी यादी उडवली, आणि दुसरी यादी पहिलीच्या जागी आली. झालं! ‘पैसे आले नाहीत तर आठवण पाठव’ याचं ‘पैसे आले तर आठवण पाठव’ झालं. टूल मात्र रिकामी यादी जशीच्या तशी देतं, हे पुन्हा तपासलं. घोळ फक्त लेखात होता आणि तो आज दुरुस्त केला. ‘रिकामी यादी म्हणजे न जोडलेला फाटा, ती गाळू नये’ हे वाक्यही आता टूलच्या वर्णनात टाकलंय. म्हणजे तुमच्यामुळे मजकूर वाढलाच, याला इलाज नाही.

अख्खा जेसन का देत नाही, याचं एक कारण लांबी. एखाद्या कोड नोडमध्ये दोनशे ओळींची स्क्रिप्ट असते, आणि ‘या नोडनंतर कोणता?’ एवढंच विचारायचं असताना ती सगळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यापुढे वाचायला असलेल्या मजकुरात, ओतायची? दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एन-एट-एन क्रेडेन्शियल्स (पासवर्ड, गुप्त की वगैरे) वेगळी ठेवतं, जेसनमध्ये त्यांचं फक्त नाव आणि आयडी येतो. पण घाईत (दुसऱ्या सेवेला विनंती पाठवणाऱ्या) एचटीटीपी रिक्वेस्ट नोडच्या हेडरमध्ये गुप्त की थेट चिकटवणारे लोक आहेत. (एकेकाळी मीही त्यातलाच.) ती की पॅरामीटर्समध्ये, म्हणजे नोडच्या आतल्या सेटिंग्जमध्ये, उघडी पडलेली असते. सांगाड्यात पॅरामीटर्स नसतातच, त्यामुळे नोड कसे जोडलेत एवढंच बघायचं असेल तर ती बाहेर जायचा प्रश्न येत नाही.

आता पाल्हाळाबद्दल. आपल्यासाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन अर्धवट असलं तरी भागतं, कारण आपण स्क्रीन उघडतो, नोडवर डबल-क्लिक करतो, आत काय आहे ते बघतो. एमसीपीमधून (एआय मॉडेलला टूल जोडायच्या ठरलेल्या पद्धतीतून) टूल वापरणाऱ्या मॉडेलपुढे असतं फक्त टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा स्कीमा, म्हणजे टूलला काय माहिती द्यायची याचा आराखडा. त्यात जे नाही ते मॉडेल अंदाजाने भरतं, आणि अंदाजही कसा, तर ठाम आवाजात. मी एकदा एजंटला विचारलं, ‘ही मेल कोणाला जाते?’ उत्तर आलं, ‘हिशेब विभागाला.’ का, तर नोडचं नाव ‘हिशेब विभागाला मेल’ होतं. आतला पत्ता कधीच बदलला होता, नाव बदलायचं राहिलं होतं. एजंटने सांगाडा नीटच वाचला होता. सांगाड्यात पत्ता नसतो, हे मीच त्याला कुठे सांगितलं नव्हतं.

वर्णनात एक वाक्य घातलं: ‘यात नोडच्या आतली सेटिंग्ज येत नाहीत, नोडच्या नावावरून ती ठरवू नका, पूर्ण वर्कफ्लो आणणारं टूल वापरा.’ पुन्हा तोच प्रश्न विचारला, तेव्हा एजंट आपणहून दुसऱ्या टूलकडे गेला. टूल काय देतं हे बहुतेकजण लिहितात. काय देत नाही ते लिहायला माझी जास्त शाई खर्च झाली.

तरीही तुमचा आक्षेप अर्धा मान्य. ती तीन पानं मॉडेलसाठी नाहीतच, टूल जोडून घेणाऱ्या माणसासाठी आहेत. मॉडेलला जातं ते पाच-सहा वाक्यांचं वर्णन, आणि ते साधारणपणे प्रत्येक संभाषणात सोबत फिरतं, त्यामुळे तिथे एकेक शब्द मोजूनच वापरावा लागतो. लेखात मी दोन्ही एकाच दमात सांगितलं, म्हणून तुमचा समज तसा झाला. ‘हे टूल फक्त वाचतं’ हे मी वर्णनातही का लिहिलं, असं कोणी विचारेल: एमसीपीत त्यासाठी वेगळा सूचक आहे, पण तो क्लायंटसाठी, म्हणजे मॉडेल ज्यातून वापरतो त्या ॲपसाठी, असतो, मॉडेलपर्यंत पोचेलच असं नाही.

शेवटी तुम्ही टोमणा मारलाय की स्टिकी नोट्स (वर्कफ्लोशेजारी लिहून ठेवलेल्या टिपा) गाळण्यावर अख्खा परिच्छेद कशाला. एन-एट-एनमध्ये स्टिकी नोटसुद्धा नोड म्हणूनच साठवली जाते. तिचा मजकूर पॅरामीटर्समध्ये, म्हणजे सांगाड्यात ती कोरी दिसते, आणि जोडलेली तर कशालाच नसते. माझ्या एजंटने एका वर्कफ्लोची पाहणी करून ‘अकरा नोड निरुपयोगी आहेत, काढून टाकू का?’ असं विचारलं. त्या अकरा माझ्या सहकाऱ्याने जपून लिहिलेल्या नोंदी होत्या. परिच्छेद ठेवतोय.