सुट्टीवर जाताना लांब लेन्स घरी ठेवा, राजेहो

आपल्या नागपुरात कॅमेऱ्याचा विषय निघाला की दुसरं वाक्य ताडोब्याचं असतं. पेंच जवळ, उमरेड-कऱ्हांडला त्याहून जवळ, ताडोबा थोडं पुढे. त्यामुळे इथे ज्याला फोटोचा नाद लागतो, तो सगळ्यात आधी 150-600 मिलिमीटरच्या लांब लेन्सची किंमत विचारतो. वाघासाठी ते बरोबरच आहे. जिप्सीतून उतरता येत नाही आणि वाघाला जवळ बोलावता येत नाही. पण तीच सवय घेऊन आपण पचमढीला जातो, चिखलदऱ्याला जातो, बनारसला जातो, आणि तिथल्या माणसांचेही फोटो लांबूनच काढतो. हे मला अजिबात पटत नाही. गेली काही वर्षं मी सुट्टीवर डिजिटल रेंजफाइंडर आणि 35 मिलिमीटरची एकच लेन्स नेतो. सुट्टीसाठी याहून योग्य कॅमेरा नाही, असं माझं ठाम मत आहे. का ते सविस्तर लिहितो.

रेंजफाइंडरमध्ये तुम्ही लेन्समधून बघतच नाही. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात काचेची एक खिडकी असते, तिच्यातून बघायचं. समोरच्या बाजूला थोड्या अंतरावर आणखी एक छोटी खिडकी असते. दोन्ही खिडक्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि त्या फरकावरून अंतर कळतं. जमीन मोजणारे लावतात तोच त्रिकोणाचा हिशेब. डोळ्याला लावल्यावर मधोमध एक लहानसा उजळ चौकोन दिसतो आणि त्यात समोरच्या माणसाची दुसरी प्रतिमा, जरा बाजूला सरकलेली. लेन्सची रिंग फिरवली की लेन्सच्या मागची धातूची कडा बॉडीतल्या एका इवल्याशा चाकीला ढकलते आणि ती दुसरी प्रतिमा आडवी सरकू लागते. चष्म्याची कड, दाराची चौकट, कानामागून उतरलेली वेणी, अशी एखादी उभी रेघ धरायची. दोन रेघांची एक झाली की फोकस झाला. मोटर नाही, पीक-पीक आवाज नाही, चेहरा शोधत फिरणारा हिरवा चौकोन नाही. बोटांना सवय झाली की सेकंदभराचंही काम नाही.

मला मात्र फोकसपेक्षा त्या खिडकीचंच जास्त कौतुक आहे. 35 ची लेन्स लावली की आत एक उजळ चौकट उमटते. फोटोत साधारण तेवढंच येणार. पण चौकटीच्या बाहेरचंही दिसत राहतं! डावीकडून सायकलवाला येतोय, उजवीकडे कुणीतरी पान थुंकायच्या बेतात आहे, मागून आपलीच पोरगी हात हलवत धावत येतेय, हे सगळं फोटोत शिरायच्या आधी कळतं. त्यात बटण दाबलं त्या क्षणीही खिडकी काळी होत नाही. डीएसएलआरमध्ये आरसा वर उचलला जातो, म्हणजे नेमका टिपलेला क्षण तेवढा आपल्याला दिसत नाही. इथे तो दिसतो. डोळे मिटलेले होते का, हसू पूर्ण फुललं होतं का, ते तिथल्या तिथे माहीत असतं. मग मागच्या स्क्रीनकडे मान घालायची गरज उरत नाही. माझ्या दृष्टीने सुट्टीतला सगळ्यात मोठा फायदा हाच.

माझा कॅमेरा लायका कंपनीच्या 'एम' या रेंजफाइंडर मालिकेतला. कंपनीने 2025 मध्ये याच मालिकेत रेंजफाइंडर काढून इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर बसवलेला एम ईव्ही1 आणला. ज्यांना हवा त्यांनी खुशाल घ्यावा. पण मग तुम्ही पुन्हा एक पडदाच बघताय. समोरचं जग काचेतून थेट दिसणं हीच तर या कॅमेऱ्याची खरी कमाई आहे.

पावसाळ्यातला चिखलदरा तुम्हाला ठाऊकच आहे. पॉईंटवर उभं राहिलं की दहा पावलांवरचा माणूस धुक्यात विरघळतो. तिथे ऑटोफोकसवाले मित्र बेजार होतात, लेन्स मागेपुढे होत राहते आणि काही पकडतच नाही. खरं म्हणजे दाट धुक्यात रेंजफाइंडरच्या चौकोनातही धड रेघ सापडत नाही. पण लेन्सवर अंतराचे आकडे कोरलेले असतात. मी आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, 800 ठेवतो, एफ/8 लावतो, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक करतो, आणि रिंग तीन मीटरवर आणून सोडून देतो. 35 च्या लेन्सवर या हिशेबाने साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. त्यानंतर फोकसचा विचारच करायचा नाही.

तिथे भुट्टे भाजणाऱ्या एका बाईंसमोर मी असाच उभा होतो. शेगडीचा धूर आणि धुकं एकमेकांत मिसळलेलं, त्या एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालत होत्या आणि दुसऱ्या हाताने लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात बुडवून भुट्ट्यावर घासत होत्या. दाण्यांमधल्या फटींत तिखट जाऊन बसत होतं. मला म्हणाल्या, "काय पाहून राहिले भाऊ? जुना रोलवाला हाय का?" कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी खिडकीतून शेगडीकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे, आणि म्हणाल्या, "दोन दोन दिसून राहिल्या ना ताई!" रिंग फिरवून दोनाच्या एक करून दाखवल्या तेव्हा खूश झाल्या. मग गप्पा झाल्या, भुट्टे झाले आणि फोटो सगळ्यात शेवटी झाला. 400 ची लेन्स घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभा असतो तर धूर मिळाला असता, बाई मिळाल्या नसत्या.

माझा सगळा मुद्दा इथेच येऊन थांबतो. 35 च्या लेन्सने एखाद्याचा कमरेपासून वरचा फोटो काढायचा तर दीड मीटरवर जावंच लागतं. दीड मीटरवर जाऊन न बोलता फोटो काढता येत नाही, काढूही नये. "नमस्कार", "कुठले तुम्ही", "काढू का एक", एवढं तरी होतंच. नको म्हणाले तर हसून पुढे व्हायचं. बनारसच्या घाटावर आंघोळ करणाऱ्या बायांचे फोटो दूर नावेतून भल्यामोठ्या लेन्सने टिपणारे लोक मी पाहिलेत. वाघाच्या पाणवठ्यावर जसे टपून बसतात तसेच. आपल्या आईचा, बहिणीचा असा फोटो कुणी काढला तर चालेल का आपल्याला?

आणि घरच्यांचं काय? सुट्टी त्यांचीही असते. लेन्स बदलणारा माणूस कायम वीस पावलं मागे असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी थांबून वैतागतात. एकच लेन्स असली की ठरवायचं फारसं उरत नाही. आपल्याकडच्या उन्हात तर आणखी सोपं. लख्ख ऊन असताना एफ/16 ला शटरचा वेग, म्हणजे सेकंदाचा भाग, आयएसओइतकाच ठेवायचा हा जुना नियम आहे. आयएसओ 200 असेल तर एफ/16 ला 1/200 सेकंद, म्हणजे एफ/8 ला 1/800. सकाळी एकदा लावलं की दुपार ढळेपर्यंत हात लावावा लागत नाही. फक्त सावलीत गेलात तर दोन-तीन स्टॉप वाढवायचे, एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट.

आता पैशांचं बोलू, कारण खाली पहिली कमेंट तीच येणार. नवी डिजिटल एम बॉडी काही लाखांत जाते आणि लेन्सचे वेगळे. तेवढे पैसे सुट्टीच्या कॅमेऱ्यात घाला असं मी कुणालाच सांगणार नाही. माझा लायका एम टाईप 240 आहे, 2012 मध्ये जाहीर झालेला, 24 मेगापिक्सेलचा, आणि तोही वापरलेला घेतला. नंतर 2022 मध्ये 60 मेगापिक्सेलचा एम11 आला, पण प्रवासातले फोटो आपण जेवढ्या आकारात छापतो त्याला 24 भरपूर होतात. शिवाय 1954 च्या एम3 साठी बनलेल्या लेन्सही या डिजिटल बॉडीवर बसतात, त्यामुळे लेन्स जुनी घेतली तरी चालते.

जुना घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. 2004 चा एप्सन आर-डी1 हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. दिसायला देखणा, शटर भरायला रोलच्या कॅमेऱ्यासारखी दांडी, पण आता तो हौशी संग्राहकांनीच घ्यावा. लायकाच्या 2006 च्या एम8 मध्ये इन्फ्रारेड प्रकाश नीट अडत नाही, म्हणून काळे सिंथेटिक कपडे जांभळट येतात आणि लेन्सवर खास फिल्टर लावावा लागतो. 2009 चा एम9 हा पहिला फुल फ्रेम, म्हणजे रोलच्या फ्रेमएवढा सेन्सर असलेला, डिजिटल रेंजफाइंडर, रंग फार गोड. पण त्याच्या सेन्सरवरची काच गंजण्याचा दोष सगळ्यांना माहीत आहे. एफ/16 ला मोकळ्या आभाळाचा फोटो काढून मोठा करून बघा, कडा असलेले गोल डाग दिसले तर सोडून द्या.

हे बजेट नसेल तर फुजीच्या एक्स100 मालिकेतला एखादा जुना बघा, 2011 पासून येताहेत. त्यातही काचेची खिडकी आणि उजळ चौकट आहे, लेन्स 35 च्याच तोडीची आहे. फोकस इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे तो खरा रेंजफाइंडर नाही, पण चौकटीबाहेरचं दिसण्याचं सुख तिथेही आहे.

याला जमत नाही ते जमत नाही. सत्तर सेंटिमीटरच्या आत रेंजफाइंडर फोकस करत नाही, तर्री-पोह्याच्या प्लेटचा फोटो मोबाईलनेच काढा. पक्षी, प्राणी, क्रिकेट विसरा. चष्मा असेल तर 28 ची चौकट पूर्ण दिसत नाही, 35 किंवा 50 घ्या. मोठा लेन्सहूड, म्हणजे लेन्सपुढची ऊन अडवणारी कड, खिडकीचा कोपरा झाकतो. आणि मेळघाटातल्या रस्त्यांवर कॅमेरा आदळला तर आतलं जुळणं बिघडू शकतं. निघण्याआधी रात्री गच्चीवर जाऊन लेन्स अनंतावर, म्हणजे रिंगवरच्या सगळ्यात लांबच्या खुणेवर, ठेवा आणि चंद्राकडे बघा. दोन चंद्र दिसले तर दुरुस्तीला द्या.

सराव करायचा असेल तर लांब जायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत इतवारीत शिरा. काळी आणि पिवळी मारबत हे मोठाले पुतळे, मागे बडगे नावाचे आणखी पुतळे, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर आणि मुंगीला वाट नाही अशी गर्दी. तिथे लांब लेन्स उघडायलाही जागा नसते. अंतर दोन मीटरवर ठेवा, एफ/8 लावा आणि लोकांसोबत चालत राहा.

कुणाला घेण्याआधी खिडकीतून बघायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. रविवारी सकाळी मी फुटाळा तलावावर असतो, कॅमेरा सोबत आणीन. चष्मा असेल त्यांनी चष्मा लावूनच यावं, म्हणजे 35 ची चौकट आपल्याला पूर्ण दिसते की नाही ते तिथेच कळेल.