चरक, सोळा तास आणि साबुदाण्याची खिचडी

"चरकाने पण 16 तासांचाच उपास सांगितलाय" असं जिम्याने ठोकून दिलं आणि वैद्याला चहाचा ठसकाच लागला. नागनाथ पाराजवळचा आमचा नेहमीचा कट्टा, पालख्या पुण्यातून पुढे गेलेल्या, आषाढी तोंडावर, म्हणजे विषय उपासाकडे जाणारच होता. जिम्या म्हणजे आमचा जिमवाला मित्र, गेले काही महिने इंटरमिटंट फास्टिंगवर, म्हणजे रोज 16 तास उपाशी आणि उरलेल्या वेळातच खाणं यावर आहे आणि त्याच्याबरोबर आम्हीपण आहोत, कारण रोज ऐकावं लागतं. वैद्य हा खराखुरा वैद्य आहे, रास्ता पेठेत शिकलेला, त्यामुळे आयुर्वेदाचार्य चरकाचं नाव कुणी फुकट वापरलं की त्याचं डोकं फिरतं.

"कुठल्या अध्यायात सांगितलेत रे 16 तास?" वैद्य.

जिम्या म्हणे रील मध्ये पाहिलं.

"मग रीललाच विचार. चरकसंहितेत सूत्रस्थानाचा 22वा अध्याय आहे, त्यात लंघनाचे 10 प्रकार सांगितलेत आणि उपवास हा त्यातला फक्त एक. वमन म्हणजे उलटी, विरेचन म्हणजे जुलाब, बस्ती म्हणजे एनिमा, नस्य म्हणजे नाकात औषध, हे शोधनवाले, शरीर आतून साफ करणारे चार, मग तहान सोसणं, वारा, ऊन, पाचन औषधं, उपवास आणि व्यायाम. शरीराला हलकं करेल ते लंघन. तास कुठेच नाहीत."

"व्यायामपण? म्हणजे मी डबल लंघन करतोय की!" जिम्या एकदम खूष.

"म्हणूनच तोंड असं उतरलंय" इति लॅबवाली. ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, लोकांचे रिपोर्ट बघून बघून तिचा माणसावरचा विश्वास उडालाय.

आता खरी गंमत पुढे आहे, आणि मला स्वतःला ही माहिती नवीन होती. वैद्य म्हणाला की लंघन कुणाला द्यायचं हे आधी ठरतं, किती ते नंतर. अंग जड, जिभेवर थर, जेवायची इच्छा नाही, खाल्लेलं वर येतंय, थोडक्यात अग्नी म्हणजे पचनशक्ती मंद आणि आम म्हणजे नीट न पचलेलं साठलेलं, अशा माणसाला लंघन. ताप आला की सुरुवातीला लंघनच करा असं चरक म्हणतो, पण लगेच पुढे अपवादपण देतो, की क्षयाने, वाताने, भीतीने, रागाने, शोकाने नाहीतर श्रमाने आलेला ताप असेल तर नाही. म्हणजे दमून भागून ताप आलेल्या माणसाला उपाशी ठेवू नका हे तेव्हाच लिहून ठेवलंय, आणि आपण 'लंघनं परमौषधम्' एवढं अर्धं वाक्य धरून बसलोय.

"आणि थांबायचं कधी?" मी विचारलं.

"भूक लागली की. तहान आणि भूक दोन्ही बरोबर लागल्या, ढेकर स्वच्छ आला, तोंडाला चव आली, झापड गेली, अंग हलकं वाटलं की लंघन झालं, आता खायला द्या. त्यापुढे ताणलं तर सांधे दुखतात, तोंड कोरडं पडतं, भूकच मरते, ऐकायला आणि दिसायलासुद्धा कमी येतं."

जिम्या म्हणाला "पण माझं अ‍ॅप तर सांगतं की भूक लागली की पाणी प्या, दुर्लक्ष करा, लाट असते ती, ओसरते."

"तेच तर म्हणतोय मी! आमच्याकडे भूक लागणं म्हणजे औषध लागू पडलं, आणि तुझं अ‍ॅप सांगतंय की भुकेला गप्प बसव. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत बाबा, तुझी चांगली असेल नसेल तो भाग वेगळा, पण तिच्यावर चरकाचं लेबल लावू नको."

माझ्या मते इथेच विषय संपायला हवा होता, पण कट्टा आहे, संपतो कसला. जिम्याने नोबेल काढलं. म्हणे जपानी शास्त्रज्ञाला उपासासाठीच नोबेल मिळालं. लॅबवाली त्याचीच वाट बघत होती. "ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं ते पेशी स्वतःचाच कचरा कसा पचवतात, ती ऑटोफॅजीची यंत्रणा उलगडली म्हणून. काम यीस्टवर केलेलं. यीस्टला उपाशी ठेवलं होतं हे खरंय, पण माणसाने सकाळचे पोहे सोडावेत असं त्यात कुठेही नाही. आणि 2022 मध्ये चीनमधल्या ग्वांगजौचा अभ्यास आला, 139 लठ्ठ माणसं, एक वर्ष, सगळ्यांना कमी कॅलरी, फक्त अर्ध्यांना खाण्याची वेळ सकाळी 8 ते दुपारी 4 अशी बांधून दिलेली. वजन दोन्हीकडे उतरलं, फरक सांगण्यासारखा नाही."

"म्हणजे कमी खा एवढंच" जिम्या जरा हिरमुसला. पण कमी खाण्यासाठी घड्याळ उपयोगी पडत असेल तर पडू दे की, असं मला वाटतं, रात्री साडेअकराला पावभाजी बंद झाली तरी पुष्कळ झालं.

इतका वेळ तात्या गप्प होते. तात्या रिटायर्ड, डायबेटिस, आणि दर एकादशीला कडक उपास. त्यांचं म्हणणं की एवढं काय पुस्तकात बघताय, आपल्या पूर्वजांनी उपास आरोग्यासाठीच लावून दिलेत.

"तात्या, उपासाला काय खाता?" वैद्याने अगदी अदबीने विचारलं.

साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू, रताळ्याच्या फोडी.

"साबुदाणा आपल्याकडे टॅपिओकाच्या कंदापासून होतो, तो अमेरिका खंडातला. बटाटा तिकडचा, शेंगदाणा तिकडचा, रताळं तिकडचं, वर घातलेली मिरचीपण तिकडचीच. चरकाने यातलं काहीसुद्धा बघितलेलं नाही. वरीचे तांदूळ तेवढे जुने, पण ते तुम्हाला आवडत नाहीत."

एकादशी दुप्पट खाशी हे कुणीतरी बोललंच. तात्या म्हणाले बरं, मग यंदा निर्जळी करतो.

लॅबवालीने कप खालीच ठेवला. "सकाळची शुगरची गोळी घेऊन?" तात्यांची गोळी ग्लिमेपिराइड, ती पोटात गेली की तुम्ही जेवा न जेवा, इन्सुलिन सोडायला लावते, साखर खाली येऊन माणूस घामाघूम होऊन पडतो. गोळी घेऊन उपाशी राहायचं नाही आणि मनाने गोळी बंदही करायची नाही, आधी डॉक्टरला फोन. वैद्य म्हणाला माझंपण हेच मत, आणि अशक्त, म्हातारी माणसं, गरोदर बायका यांना कडक लंघन आमच्याकडेही नाहीच. त्या दोघांचं एका मुद्द्यावर एकमत झालेलं मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

मग तडजोड ठरली, डॉक्टर हो म्हणाले तर वरीचे तांदूळ, ताक, थोडी फळं, आणि शुगर घरी मशीनवर बघत राहायची. द्वादशीला पारण्याला श्रीखंडावर तुटून न पडता आधी हलकं घ्या असंही वैद्याने सांगितलं, कारण शोधन झाल्यावर आधी पेज, मग जरा दाट, मग कढण अशी पायरी असते, मंद झालेला अग्नी एकदम जड पेलत नाही. तात्या म्हणाले बघू. म्हणजे श्रीखंड होणार.

जिम्या अजून सोडायला तयार नव्हता. "बरं ते सगळं ठीक, पण मग माझं लंघन बरोबर चाललंय की नाही ते एका वाक्यात सांग."

"सकाळी पोट साफ होतं?"

"हे काय कट्ट्यावर विचारायचं असतं का?"

"चरकाने लक्षणांची यादी तिथूनच सुरू केलीये. होतं का नाही?"

जिम्याने उत्तर न देता आणखी एक कटिंग सांगितला, तोसुद्धा साखर घालून.