डेटा कोण खातंय, हे चुकूनही शोधू नका

मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करायचं, लॅपटॉप जोडायचा, पीकविम्याचं पोर्टल उघडायचं. चक्र गोल फिरत बसलं की ओसरीवर येऊन टॉवरला शिव्या द्यायच्या. गावची ही रीत मोडू नका.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबू नका. टास्क मॅनेजर, म्हणजे विंडोजमधली चालू प्रोग्रॅमची यादी, उघडते. त्यात ‘नेटवर्क’ असा रकाना असतो, त्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त ओढणारा वर येतो. मग शिव्या कोणाला देणार?

वर क्रोम दिसलं, तर क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबू नका. कोणता टॅब खातोय तेही कळतं.

विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर तर नकोच. कोणता प्रोग्रॅम किती आणतो अन् किती पाठवतो, दोन्ही वेगवेगळं दाखवतो मेला.

वाय-फायच्या सेटिंगमधलं ‘मीटर्ड कनेक्शन’ बंदच राहू द्या. ते सुरू केलं की विंडोजला समजतं, हे नेट मोजून घेतलेलं आहे, आणि बरेचसे अपडेट थांबतात. बिचाऱ्याला उपाशी ठेवता?

फोटो आपोआप क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, चढवणारं सॉफ्टवेअर मात्र हवंच. दुकानदार ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत ते सुरू करूनच लॅपटॉप हातात देतो. खरिपाच्या विम्याची मुदत संपत आलेली, रात्री कशीबशी लाइन आली, म्हणून सातबारा, पासबुक, पेरणीचं घोषणापत्र घेऊन बसलो. पोट्ट्यानं दुपारीच मामाच्या लग्नाचे फोटो लॅपटॉपात टाकलेले. मी इकडे पासबुक चढवतोय अन् तिकडे हळद, वरात, पंगत, अख्खं लग्न गुपचूप क्लाउडवर चाललंय! दिवसाचा दीड जीबी खल्लास. उरला वेग 64 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला 8 किलोबाइट. एक एमबी जायला दोन मिनिटं, तीही वरातीनं रस्ता सोडला तर. पोर्टल कशाला थांबतंय? सेशन बाद. पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी. ओटीपीसाठी मोबाइल घेऊन स्लॅबवर जा, तर हॉटस्पॉट तुटतं. खाली येईस्तोवर ओटीपीची वेळ संपते. बॅकअप मात्र जोरात. नवरदेव घोड्यावर सुखरूप, माझी सोयाबीन वाऱ्यावर.

काऊन रे बाप्पा? सुरू करताना एक शब्द विचारत नाही, अन् बंद करायचं तर पाच पडदे आत जाऊन शोधायचं? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनो, नेट फुकट येतं असं कोणी सांगितलं तुम्हाला? पैसे आम्ही भरतो. पहिल्याच पडद्यावर, मराठीत, धडधडीत विचारा की तुमचा डेटा वापरू का.

आणि तुम्ही! किराणा दुकानात सुट्टा रुपया सोडत नाही, काट्यावर तुरीचं पोतं चढलं की डोळे लावून उभे राहता, अन् इथं रोजचा जीबी जातो तर बघतही नाही? फॉर्म उघडायच्या आधी टास्क मॅनेजर उघडा, नेटवर्कवर क्लिक करा, वर कोण बसलाय ते पाहा. क्लाउडवर चढवणारं सॉफ्टवेअर असेल तर त्याचं सिंक, म्हणजे ते चढवणं, पॉज करून थोडा वेळ थांबवा. पावती हातात आली की मग पोट्ट्यांना काय लग्नं चढवायची ती चढवू द्या.