‘लिथियम’ म्हटले की कोबाल्ट आलेच, असे नाही

विजेवर चालणाऱ्या गाड्यांविषयी एक संदेश मोबाइलवरून सतत फिरत असतो: प्रत्येक लिथियम बॅटरीत कोबाल्ट असते, ते काँगोतल्या खाणींत लहान मुलांकडून काढून घेतले जाते, आणि कोबाल्ट नसलेली बॅटरी दुय्यम दर्जाची असते. तिन्ही विधाने एका दमात वाचली की पटतात, सुटी करून पाहिली की मधलेच तेवढे टिकते.

तेच आधी घेतो. जगातल्या कोबाल्टापैकी सुमारे ७० टक्के काँगो लोकशाही प्रजासत्ताकात निघते आणि तिथल्या हाताने खणल्या जाणाऱ्या खाणींत मुले राबत असल्याच्या नोंदी आहेत. बहुतांश उत्पादन मोठ्या यांत्रिक खाणींतले असते, ही दुरुस्ती आवश्यक असली तरी तिने त्या मुलांचा प्रश्न हलका होत नाही.

पहिले विधान १९९१ च्या बॅटरीला लागू पडते. त्या वर्षी सोनीने बाजारात आणलेल्या लिथियम-आयन बॅटरीचा धन इलेक्ट्रोड, म्हणजे तिचे धन टोक, लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा होता. शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्डमध्ये या संयुगाचा असा उपयोग १९८० साली दाखवला होता. त्याच्या वजनात सुमारे ६० टक्के कोबाल्ट असते. मात्र या बॅटरीत लिथियम हा दोन इलेक्ट्रोडांमध्ये ये-जा करणारा प्रवासी आहे. तो ज्या स्फटिकात मुक्कामाला येतो, तो कोबाल्टाचाच हवा असा नियम नाही. इलेक्ट्रॉन देऊ-घेऊ शकणारा धातू आणि लिथियमला वाट देणारी रचना एवढे असले की पुरते. म्हणूनच निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट ८:१:१ या प्रमाणात असलेल्या ऑक्साइडमध्ये कोबाल्टाचा वाटा वजनाने जेमतेम ६ टक्क्यांवर येतो, तर लिथियम आयर्न फॉस्फेटमध्ये, म्हणजे एलएफपीमध्ये, तो शून्य असतो.

ही एलएफपी दुय्यम आहे काय? अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी टेक्सासमधून १९९७ साली ती मांडली, तेव्हा तिच्या उणिवा उघड होत्या. लिथियमच्या तुलनेत विद्युतदाब सुमारे ३.४ व्होल्ट, म्हणजे कोबाल्ट ऑक्साइडपेक्षा साधारण अर्धा व्होल्ट कमी. शिवाय विजेची वाहकता अत्यल्प, त्यामुळे कण बारीक करून त्यांवर कार्बनचा पातळ थर द्यावा लागतो. तेवढ्याच वजनात ऊर्जा आजही कमीच मावते. मोबदल्यात लोह स्वस्त मिळते, चार्जिंगच्या फेऱ्या जास्त होतात, आणि फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला ऑक्सिजन तापल्यावरही सहजासहजी सुटत नाही. अर्थात ‘एलएफपी पेटतच नाही’ हा विक्रेत्यांचा दावाही तितकाच चुकीचा आहे, कारण आतला विद्युत अपघटनी द्रव, म्हणजे ज्यातून लिथियम ये-जा करतो तो इलेक्ट्रोलाइट, ज्वलनशीलच असतो.

भारतात मोठ्या संख्येने विकल्या गेलेल्या टाटा नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत एलएफपी आहे. मोबाइलमध्ये मात्र जागेची टंचाई असल्याने बहुधा कोबाल्ट ऑक्साइडच वापरले जाते. त्यामुळे गाडीवर आरोप करणारा हा संदेश ज्या यंत्रावरून पुढे ढकलला जातो, त्यातच कोबाल्ट असण्याची शक्यता अधिक.