नसा म्हणजे घरातलं वायरिंग नव्हे

"नसा म्हणजे शरीरातल्या वायरी, सगळ्या एकमेकींना जोडलेल्या. त्यातून करंट विजेच्या वेगाने धावतो. करंट जोरात, तर वेदना जास्त. वायर ढिली झाली की हातपाय लुळे पडतात, मालिश करा." हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. यातला शेवटचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून हे लिहितोय.

आधी नसेतल्या संदेशाचा वेग. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत, म्हणजे नसेत, तो मोजला, तर सेकंदाला तीसेक मीटर भरला. माणसाच्या जाड तंतूंत तो शंभर मीटरपर्यंत जातो, बारीक तंतूंत जेमतेम एक मीटर. ठेच लागली की आधी कळ येते आणि ठणका मागून लागतो, तो यामुळेच. इथे तारेतल्यासारखा प्रवाह वाहत नाही. चेतापेशीच्या पटलातून सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात, पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि ही उलथापालथ टप्प्याटप्प्याने पुढे सरकते.

ही उलथापालथ एकतर पूर्ण होते, नाहीतर होतच नाही. जोरात, हळू असा प्रकार नाही. वेदना वाढते तेव्हा संदेश जास्त वेळा आणि जास्त तंतूंतून येत असतात.

सगळ्या नसा सलग जोडलेल्या असतात, असं खुद्द इटालियन शास्त्रज्ञ गोल्गीही मानत होता. स्पेनच्या काहालने ते खोडून काढलं, आणि १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं! काही पेशी थेट जोडलेल्या असतात हे खरं, पण बहुतेक ठिकाणी मध्ये सूक्ष्म फट असते आणि ती रसायन ओलांडतं. शास्त्रज्ञ ऑटो लोवीने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयाची नस उत्तेजित केली. ठोके मंदावले. त्या हृदयाभोवतीचा द्रव त्याने दुसऱ्या हृदयावर सोडला, तर तेही मंदावलं. दोन हृदयांत एकही तंतू सामाईक नव्हता. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन.

आता लुळेपणा. नाग चावल्यावर पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. नस शाबूत असते, संदेशही टोकापर्यंत पोचतो. पण स्नायूवर ॲसिटिलकोलीन जिथे बसायचं, ती जागा विषाने अडवलेली असते. कीटकनाशकांतल्या ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या रसायनांचं उलट. ॲसिटिलकोलीन मोडणारं विकर (एन्झाइम) ती बंद पाडतात, रसायन साचत जातं. लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथरणारे स्नायू. मालिश दोन्हींत निरुपयोगी. फवारणीनंतर हे दिसलं तर हातमोजे घालून माणसाचे कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, आणि फवारलेल्या कीटकनाशकाची बाटली सोबत घेऊन तडक दवाखाना गाठा.